पोलिसांनी अडवलं, बोलावलं किंवा ताब्यात घेतलं, तर

रात्री साडेअकराला फोन वाजला. पलीकडे एक आई होती. तिचा मुलगा दुपारी चार वाजता "पाच मिनिटांत सोडतो" या शब्दावर पोलिसांच्या गाडीत बसला होता. तो अजून घरी आला नव्हता आणि त्याचा मोबाईल बंद लागत होता. तिने डबा भरला, एक निळी चादर पिशवीत घातली आणि ठाणं गाठलं. ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून तिला एकच उत्तर मिळालं: "चौकशीला आणलंय, अटक नाही. घरी जा."

मी पोहोचलो तेव्हा ती बाकावर पिशवी मांडीत धरून बसली होती. मी वाद घातला नाही. कोरा कागद घेतला आणि चार ओळी लिहिल्या: अमुक नावाचा तरुण दुपारी चारपासून इथे आहे, अटक केली असल्यास गुन्हा नंबर आणि अटकेची कारणं द्यावीत, अटक नसल्यास त्याला जाऊ द्यावं. खाली तारीख आणि वेळ टाकली. दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. पहिल्यांदा नकार आला. त्याच मजकुराचा ईमेल मोबाईलवरून पोलीस अधीक्षक कार्यालयाला पाठवला आणि तसं टेबलावर सांगितलं. अर्ध्या तासात स्टेशन डायरीत नोंद झाली, अटक दाखवली गेली आणि मुलगा आईला भेटला. सातआठ तास तो कुठल्याच कागदावर नव्हता. या प्रकरणात मला सगळ्यात भीतीदायक वाटलं ते हेच.

जिल्हा न्यायालयात वकिली करताना एक गोष्ट पक्की कळली. पोलिसांना कायद्याने दिलेला जवळजवळ प्रत्येक अधिकार कुठल्या ना कुठल्या कागदावर उतरावा लागतो. माणूस जितका वेळ कागदाबाहेर, तितका वेळ तो असुरक्षित. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये एकच धागा आहे: शांत राहा आणि कागद मागा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. खाली जिथे फक्त कलम नंबर आहे, तो या संहितेचा समजावा. ठाण्यातली मंडळी बोलताना अजून जुने नंबर वापरतात, म्हणून काही ठिकाणी तेही दिले आहेत.

आधीच करून ठेवा

दोन फोन नंबर तोंडपाठ करा. ताब्यात घेतल्यावर पहिल्यांदा मोबाईल जातो, आणि आज बहुतेकांना नवरा-बायकोचाही नंबर पाठ नसतो. एक नंबर घरचा असावा, दुसरा रात्री-अपरात्री ठाण्यात येऊ शकेल अशा माणसाचा. वकील ओळखीचा नसेल तर १५१०० लक्षात ठेवा, ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि अपंग व्यक्तींनाही तो हक्क आहे. "आपण गरीब नाही, आपल्याला कोण देणार?" असं म्हणून खूप जण हा फोनच करत नाहीत.

रोजची औषधं असतील तर त्यांच्या चिठ्ठीचा फोटो घरच्या कोणाकडे तरी ठेवा. मधुमेह, फिट्स किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी ही गोष्ट जिवाशी येते.

रस्त्यावर, नाकाबंदीत

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, दोन्ही हात दिसतील असे ठेवा. रात्र असेल तर आतला दिवा लावा. पळ काढणं किंवा गाडी दामटणं यातून साध्या चलनाचा गुन्हा होतो, कधी अपघातही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं दाखवावीच लागतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते. गाडीची किल्ली ओढून काढण्याचा अधिकार या कायद्यात कुठेही दिलेला नाही. गाडी अडकवायचीच असेल तर कलम २०७ मध्ये त्याची कारणं दिली आहेत, उदाहरणार्थ नोंदणी किंवा लायसन्स नसणं. गाडी नेली तर पावती घ्या. लायसन्स जमा केलं तरी पावती घ्या. दंड भरायचा तर ई-चलनाने भरा, चलन मान्य नसेल तर न्यायालयात लढता येतं. पावतीशिवाय पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे.

दारूच्या संशयावरून श्वास तपासणी मागितली तर नाकारू नका. नकारावरून अटक होऊ शकते. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. यंत्रावरचा आकडा स्वतः पाहा, आणि पटला नाही तर रक्त तपासणी मागा.

साध्या वेशातल्या कोणी थांबवलं, "क्राइम ब्रँच", "एलसीबी" (स्थानिक गुन्हे शाखा) असं सांगितलं, तर ओळखपत्र मागा. नाव, हुद्दा, बक्कल नंबर आणि ठाणं विचारा. शंका वाटली तर त्यांच्यादेखत ११२ ला फोन लावून खात्री करा. खऱ्या पोलिसाला याचा राग आला तरी त्याचं काही बिघडत नाही, तोतया मात्र इथेच गडबडतो. वयस्कर बायकांना "पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा" असं सांगणारे तोतये पोलीस आपल्या गावोगावी फिरतात. खरा पोलीस रस्त्यात कोणाचे दागिने उतरवून घेत नाही.

नाव-पत्ता विचारला तर खरा सांगा. अदखलपात्र (ज्यात एरवी वॉरंटशिवाय अटक होत नाही असा) गुन्हा समोर घडला असेल आणि नाव-पत्ता दिला नाही किंवा खोटा दिला, तर कलम ३९ खाली अटक होऊ शकते. त्यापलीकडे कुठे चाललात, कोणाला भेटलात, सोबत कोण, हे थोडक्यात आणि शांतपणे सांगून विषय संपवता येत असेल तर संपवा. ज्या उत्तराने तुम्ही एखाद्या गुन्ह्यात अडकाल ते द्यायला तुम्ही बांधील नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चं हे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सत्पथी प्रकरणात १९७८ मध्येच पोलीस चौकशीलाही लागू केलं.

मोबाईल उघडून चॅट दाखवा म्हणाले, तर विनम्रपणे विचारा: "साहेब, लेखी आदेश आहे का? जप्त करत असाल तर पंचनामा करा." कलम ९४ खाली उपकरणं मागवता येतात, पण लेखी आदेशाने. पासवर्ड देण्याच्या सक्तीबद्दल वेगवेगळ्या उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत, म्हणून तिथे वकिलाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. हिसकाहिसकी तर अजिबात नको.

हिसकाहिसकीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण मी इथे सगळ्यात जास्त नुकसान पाहिलं आहे. चूक पोलिसाची असली तरी त्याचा हात झटकला, कॉलर धरली, ढकललं, की प्रकरणाचा रंग बदलतो. पूर्वी ज्याला सगळे "३५३" म्हणायचे, ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ आहे: सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि जामीन हक्काने मिळत नाही. हेल्मेटच्या चलनावरून सुरू झालेला वाद या कलमापर्यंत जातो आणि पोराची सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी अडकते. अन्याय झाला तर तो लक्षात ठेवा, घरी जाऊन लगेच लिहून काढा, तक्रार करा. रस्त्यावर शरीराने विरोध करू नका.

व्हिडिओ काढायचा तर उघडपणे, दोन पावलं मागे राहून, कामात आडवं न येता काढा. ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून शासकीय गुपितं कायद्याखाली दाखल केलेला वर्ध्याचा एक गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केला. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं "प्रतिबंधित ठिकाण" नाही, असं खंडपीठाने सांगितलं.

जोडप्यांसाठी एक स्वतंत्र वाक्य. दोन सज्ञान व्यक्तींनी एकत्र बसणं, फिरणं किंवा हॉटेलात खोली घेणं हा गुन्हा नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांमधून जोडप्यांना उचलून महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ११० लावलं गेलं आणि त्यावर मोठी टीका झाली. ते कलम सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचं आहे, बंद खोलीचं नाही. "घरी फोन लावू का?" या धमकीला घाबरून पैसे देऊ नका. वयाचा पुरावा दाखवा आणि कुठलं कलम लावताय ते विचारा.

"जरा ठाण्यात येऊन जा"

बहुतेकांची पोलिसांशी गाठ अशीच पडते. फोन येतो, नाव नीट सांगत नाहीत, "साहेबांनी बोलावलंय" एवढंच. पहिल्यांदा विचारा: कोण बोलतंय, हुद्दा काय, कुठल्या प्रकरणात, गुन्हा नंबर काय, मला साक्षीदार म्हणून बोलावताय की संशयित म्हणून? मग म्हणा: "मी नक्की येतो, फक्त लेखी समजपत्र पाठवा."

साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. त्याच कलमात एक मोठा दिलासा आहे. कुठल्याही वयाची स्त्री, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेली व्यक्ती आणि गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब ते राहतात तिथे येऊन घ्यावा लागतो. कितीतरी आज्या काठी टेकत ठाण्याच्या पायऱ्या चढताना मी पाहिल्या आहेत. कोणीतरी आधी सांगितलं असतं तर त्या घरीच बसल्या असत्या.

संशयित म्हणून बोलवायचं आणि अटकेची गरज नसेल, तर कलम ३५(३) ची नोटीस मिळते, जुनी "४१ अ". सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, अटक का हवी याची कारणं लिहावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं आहे. ही नोटीस व्हॉट्सअपवर पाठवून चालत नाही, हे त्याच न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण रीतसर नोटीस मिळाली तर टाळू नका. दिलेल्या तारखेला वकिलासह जा, हजर राहिल्याची पोच घ्या. गैरहजेरी हेच पुढे अटकेचं कारण बनतं. अटकेची भीती खरी वाटत असेल तर जाण्याआधी कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाबद्दल वकिलाशी बोला.

जाताना एकटे जाऊ नका. कुठे चाललात, कोणाला भेटणार आणि किती वाजता निघालात याचा मेसेज घरच्यांना टाका. मेसेजवर वेळ उमटते, आणि ती वेळ उद्या न्यायालयात तुमच्या बाजूने बोलते.

जबाबाबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. तपासात साक्षीदाराचा जो जबाब घेतात त्यावर सही घ्यायची नाही, असं कलम १८१ सांगतं. फिर्याद वेगळी, तिच्यावर फिर्यादीची सही लागते. पण टाइप केलेला मजकूर वाचून दाखवल्याशिवाय, तुम्हाला समजेल त्या भाषेत सांगितल्याशिवाय कशावरच सही करू नका. आणि कोऱ्या कागदावर कधीच नाही. "नंतर टाइप करतो, सही करून जा, उशीर होतोय" हे वाक्य ऐकलं की खुर्चीतून उठू नका. एका शेतकऱ्याने असं तीन कोऱ्या पानांवर सह्या दिल्या होत्या. पुढे त्या पानांवर जे उमटलं ते आपलं म्हणणं नव्हतंच, हे सिद्ध करण्यात त्याची चार वर्षं गेली.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चा नियम आहे. त्याला दोन अपवाद लक्षात ठेवा. तुमच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग वापरता येतो. आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्का कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली जाते. त्यामुळे मारहाणीच्या भीतीने "लिहून टाका काहीही" असं म्हणू नका.

घराची झडती

दार उघडण्याआधी ओळखपत्र आणि वॉरंट मागा. वॉरंटशिवायही झडती घेता येते, पण त्याची कारणं अधिकाऱ्याला आधी लिहावी लागतात आणि त्या नोंदींची प्रत ४८ तासांत न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावी लागते (कलम १८५). दोन स्वतंत्र पंच हवेत, घरातल्या माणसाला झडतीत हजर राहू द्यावं लागतं, आणि स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची. नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक केलं आहे. विचारा: "रेकॉर्डिंग चालू आहे ना?"

पंचनामा सावकाश वाचा. मोबाईल जप्त केला तर आयएमईआय नंबर लिहिला आहे का पाहा. रोख रक्कम तुमच्यासमोर मोजून आकड्यात आणि अक्षरात लिहिलेली हवी. यादीची प्रत मिळणं हा हक्क आहे.

अटक झाली, तर

अटक करणाऱ्याची नेमप्लेट दिसली पाहिजे. अटक पंचनाम्यावर घरचा किंवा वस्तीतला प्रतिष्ठित साक्षीदार हवा, तुमची सही हवी, तारीख आणि वेळ हवी (कलम ३६). हे नियम १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आले. वेळेकडे नीट पाहा. दुपारी चारला उचलून पंचनाम्यावर रात्री अकरा लिहिलं असेल, तर सही करताना शेजारी आपल्या हाताने लिहा: "मला प्रत्यक्षात दुपारी चार वाजता ताब्यात घेतलं."

अटकेची कारणं सांगणं घटनेच्या अनुच्छेद २२(१) आणि कलम ४७ नुसार सक्तीचं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी पक्कं केलं. कारणं लेखी, आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्यायची. तिथल्या तिथे देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायची. मराठी माणसाला मराठीत कागद मागता येतो. मागा.

घरच्यांपैकी किंवा मित्रांपैकी कोणाला कळवायचं ते तुम्ही सांगायचं, पोलिसांनी लगेच कळवायचं (कलम ४८). चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही (कलम ३८). गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन तुमचा हक्क आहे, ठाण्यातूनच मिळतो. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० वर्षांवरच्या किंवा दुर्बल व्यक्तीला अटक करायची तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि महिला पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी, हे नियम मुंबईच्या कोठड्यांमधूनच आले. पत्रकार शीला बारसे यांनी तिथल्या स्त्रियांच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि १९८३ मध्ये निकाल लागला.

१८ वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. त्याला २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. पोलिसांनी वय १९ लिहिलं आणि मुलगा १७ चा असेल, तर शाळेचा दाखला घेऊन धावत जा. त्या एका कागदाने सगळं बदलतं.

बाहेर असलेल्यांनी काय करायचं

आतला माणूस फारसं काही करू शकत नाही. खरं काम बाहेरच्यांचं.

वहीत वेळा लिहायला लागा: कधी नेलं, कोणी नेलं, गाडीचा नंबर, कोणी पाहिलं. ठाण्यात "आमच्याकडे नाही" म्हणाले तर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप तिथे असावं, अशी कलम ३७ ची व्यवस्था आहे. मग चार ओळींचा अर्ज द्या, जसा वर सांगितला. पोच देत नसतील तर ईमेल करा, किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. १५१०० ला फोन करा. औषधं आणि चिठ्ठी पोचवा आणि ती दिल्याची नोंद करायला सांगा. २४ तास उलटले, माणूस न्यायालयापुढे नेला नाही, ठाणंही कबूल करत नाही, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका (माणसाला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी) करता येते.

ठाण्यातल्या "मध्यस्थाला" पैसे देऊ नका. त्या रात्रीची बाकावरची आई दागिना मोडायच्या तयारीत होती.

चोवीस तास आणि न्यायाधीशांचा एक प्रश्न

प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेणं बंधनकारक आहे. घड्याळ पकडल्या क्षणापासून सुरू होतं, पंचनाम्यावर लिहिलेल्या वेळेपासून नाही.

त्याआधी वैद्यकीय तपासणी होते (कलम ५३). सिव्हिल हॉस्पिटलच्या गर्दीत डॉक्टर वर न बघता "काही त्रास?" विचारतात, बाजूला हवालदार उभा असतो, आणि आरोपी "नाही" म्हणतो. मारहाण झाली असेल तर तिथे शर्ट वर करून दाखवा. अहवालाची प्रत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मग न्यायालय. रिमांडच्या (पुढची कोठडी ठरवण्याच्या) वेळी न्यायाधीश विचारतात: "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" हा प्रश्न तीन सेकंदांत येतो आणि जातो. आदल्या रात्री आत कोणीतरी बजावलेलं असतं की तोंड उघडलंस तर परत इथेच यायचंय. मला ती भीती कळते. तरीही पुढची सगळी दाद या उत्तरावर उभी राहते. "तक्रार नाही" असं एकदा न्यायालयाच्या रोजनाम्यात (रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) गेलं की महिन्यांनंतर केलेली तक्रार बनावट ठरवली जाते. मोठ्याने सांगा: "होय. मारलं. इथे वळ आहेत. मला काल दुपारी चारला पकडलं." न्यायाधीश पुन्हा वैद्यकीय तपासणी लावू शकतात, पोलीस कोठडी नाकारून न्यायालयीन कोठडी देऊ शकतात. कबुलीसाठी मारहाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

हे सगळं सर्वांना सारखं मिळत नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला, पण गावात चोरी झाली की आजही पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते. अशा वस्तीतल्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे: पालावरच्या प्रत्येकाचं आधार, वयाचा दाखला आणि फोटो एका फाईलमध्ये ठेवा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात आधीच ओळख करून घ्या. गाडी आल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

चॅप्टर केस

भांडण झालं, निवडणूक किंवा सण आला, की चॅप्टरची नोटीस येते. हा गुन्हा नव्हे, शांतता राखण्याचं हमीपत्र घेण्याची कारवाई आहे (कलम १२६, जुनं १०७). विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे ती चालते. कारण दाखवा आदेशात माहितीचा सारांश लेखी हवा. "फक्त सही करा, काही नाही त्यात" म्हणतात, पण बॉण्ड मोडला तर रक्कम जप्त होते आणि पुढची कारवाई जड जाते. उत्तर लेखी द्या. कलम १७० खालची प्रतिबंधक अटकही (जुनं १५१) साधारणपणे २४ तासांपेक्षा जास्त टिकत नाही.

व्हिडिओ कॉलवरची "अटक"

वरची सगळी पद्धत एकदा कळली की हे नाटक लगेच ओळखू येतं. पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, आधारवर मनी लाँडरिंग झालं, कॅमेऱ्यासमोर बसून राहा, कोणाला सांगू नका, पैसे "पडताळणीसाठी" पाठवा. डिजिटल अरेस्ट नावाची कुठलीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही. खरी अटक समोर येऊन होते, पंचनाम्यावर साक्षीदार असतो आणि घरच्यांना कळवणं पोलिसांचंच काम असतं. "कोणाला सांगू नका" म्हणणारा पोलीस नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या फसवणुकीची स्वतःहून दखल घेतली, एवढी ती पसरली आहे. फोन कापा, १९३० ला कळवा. पैसे गेले असतील तर पहिल्या तासातला फोन सगळ्यात मोलाचा. निवृत्त आईवडिलांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

नंतर तक्रार करायची, तर

तुमचीच तक्रार घेत नसतील तर: दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही, प्रत मोफत मिळते (कलम १७३). नकार दिला तर अधीक्षकांना लेखी, मग न्यायदंडाधिकाऱ्याकडे.

पोलिसांविरुद्धची तक्रार आधी अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी करा. त्याशिवाय राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, आणि मुंबईत राज्य मानवी हक्क आयोग आहे, तिथे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. माहिती अधिकारात जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, अर्जावर तसं ठळक लिहा.

आणि पहिल्याच दिवशी सीसीटीव्ही जपून ठेवण्याचा अर्ज द्या. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले आहेत. चित्रीकरण शक्यतो १८ महिने आणि किमान एक वर्ष ठेवायचं आहे. अर्जात तारीख, वेळ आणि जागा नेमकी लिहा: प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष, कोठडीसमोरचा पॅसेज. त्या मुलाच्या प्रकरणात आम्ही दुपारी साडेतीन ते रात्री बाराचं चित्रीकरण मागितलं होतं. अर्जाच्या पोचेची झेरॉक्स त्याच्या आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवली आहे.